दोन पडद्यांमधली जागा

मित्रांनो, सिनेमागृहातला पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तो मोठा, पांढरा, कौतुकाचा पडदा येतो. तो मी नव्हे. त्याच्याकडे तुम्ही तीन तास टक लावून बघता. मला हातानं बाजूला सारता आणि पुढं निघून जाता. शहराच्या अगदी मध्यावर, जिथं सगळे रस्ते एकमेकांना येऊन भिडतात तिथं, एक जुनं सिनेमागृह होतं. त्याच्या तळमजल्याच्या दारावर लोंबणारा किरमिजी मखमलीचा जाड पडदा म्हणजे मी.

खरं तर आम्ही दोघे भाऊ. बाहेरच्या बाजूला थोरला आणि चार पावलं आत मी, धाकटा. दोन पडदे कशाला, असं तुम्ही विचाराल. दुपारच्या खेळाला बाहेर लख्ख ऊन असायचं. पडदा एकच असता तर उशिरा आलेल्या प्रत्येक माणसाबरोबर उन्हाची एक पट्टी आत घुसली असती आणि ऐन रडण्याच्या प्रसंगात नायिकेच्या गालावर जाऊन बसली असती. म्हणून दोन. थोरला उघडला की मी बंद, मी उघडलो की थोरला बंद. खेळ चालू असताना दोघांनी एकदम कधीही उघडायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम होता.

आमचा जन्म गाद्या-पडदे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. इतकं लांब कापड मावेल असं टेबल त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्यानं नि त्याच्या बायकोनं आम्हांला जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर सरकत सरकत शिवलं. मागं काळं अस्तर लावलं. खालच्या दुमडीत बारीक लोखंडी साखळी घातली, म्हणजे माणूस आत गेला की आम्ही आपल्या वजनानं मिटायचं. माप मात्र त्यानं एकच घेतलं, थोरल्याचं. आतली जमीन उतरती आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मला टांगल्यावर माझी एक बाजू जमिनीला टेकली आणि दुसरी अधांतरी राहिली. बायको त्याला म्हणाली, "जीभ चालते तेवढी पट्टी चालवली असतीत तर!" मग त्यांनी तिथंच बसून माझ्या खालच्या कोपऱ्याला एक तिरकी पट्टी जोडली. मित्रांनो, बाकीच्यांना ठिगळं म्हातारपणी लागतात. माझी सुरुवातच ठिगळानं झाली.

थोरल्याच्या आणि माझ्या मधल्या त्या अंधाऱ्या बोळात एक माणूस उभा असायचा. तिकीट बघून प्रेक्षकाला त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडणं हे त्याचं काम. सगळे त्याला मामा म्हणत. मॅनेजरसाहेब म्हणत, कँटीनवाल्या मावशी म्हणत, आणि त्यांच्याहून वयानं मोठे असलेले प्रेक्षकही म्हणत.

मामांची एक पद्धत होती. दुसरीकडे उशिरा आलेल्या माणसाला थेट आत सोडतात. तो बिचारा उन्हातून आलेला असतो, त्याला काही दिसत नाही. मग तो कुणाच्या पायावर पाय देतो, कुणाच्या मांडीवर बसतो. मामा तसं करत नसत. थोरला मिटला की ते माणसाला बोळात थांबवून ठेवत.

"अहो, सुरू झालाय ना!" माणूस कुजबुजत ओरडे.

"झालाय. अजून नुसती नावं चाललीत. डोळे बसू द्या."

"किती वेळ?"

"माझ्या शर्टाची बटणं दिसायला लागली की सांगा."

माणूस मग अंधारात बटणं शोधायला लागे. कुणी आगाऊ मुलगा थाप मारी, "दिसली, दिसली, पाच आहेत!" मामा म्हणत, "आज एक तुटलंय. थांब अजून." बटणं खरोखर दिसली की मामा मला दोन बोटांनी एवढंसं सारत आणि त्या माणसाचं कोपर धरून त्याला आत नेत. त्यांच्या दारातून गेलेला माणूस कधी अडखळला नाही. मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "आपल्या हॉलमधला अंधार फार चांगला आहे." तो अंधार राखणारे आम्ही तिघं होतो.

मामांची बायको लवकर वारली. एक मुलगी होती. शाळा सुटली की ती इथंच यायची आणि बोळातल्या स्टुलावर बसून माझ्या कडेचे दोरे उपसायची. एक उपसायची, तो परत आत घालून बघायची, जमला नाही की दुसरा उपसायची.

"अगं, तो मालकाचा पडदा आहे, तुझ्या फ्रॉकची झालर नाही!" मामा दटावत.

"परत घालतेय ना, बाबा!"

"तू घालतेस तो एक आणि काढतेस ते तीन."

ही मला एक दिवस नागडा करणार, असं मला वाटायचं. पण मोठी झाल्यावर ती रफू शिकली. फाटलेलं कापड त्याच्याच दोऱ्यांनी असं विणून काढायचं, की ते कधी फाटलं होतं हे कुणाला कळू नये, हे तिचं काम. लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. पण स्वतःचं दुकान घातलं ते आमच्याच रस्त्यावर, पलीकडच्या बाजूला, चार दुकानं सोडून. वडील दुपारी दोन घास खायला आपल्याकडे येतील, एवढाच तिचा विचार होता.

मामा गेले नाहीत. दुकान उघडलं त्या दिवशी भर दुपारी मॅनेजरसाहेब जाऊन आले, मावशी नवीन साडी नेसून जाऊन आल्या, समोरचा चांभार आणि कोपऱ्यावरचा पेपरवालाही जाऊन आला. मुलगी दारातली फीत कापायची थांबली होती. बराच वेळ थांबली. मग तिनं ती स्वतःच कापली. मामा त्या वेळी माझ्या शेजारी स्टुलावर बसून होते. पूर्वी एकदा ते तिला बोलून गेले होते, "लोकांची फाटकी कापडं शिवत बसण्यापेक्षा एखादी नोकरी बघ." मुलीनं त्याच्याशी हे जोडलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं. त्यानंतर ती सिनेमागृहाच्या पायऱ्या चढली नाही.

मावशी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मामा, चार दुकानं हो! लेकीकडे जायला काय बग्गी पाठवायची तुम्हांला?"

"काम असतं."

"काम! दुपारच्या खेळाला दहा टाळकी असतात. माश्या तर मारता."

"अंधारात मारून बघा एखादी, मावशी. सोपं नसतं."

मावशी हसत निघून जात. मला मात्र हसू येत नसे. माझ्या ध्यानात काही गोष्टी आल्या होत्या. पूर्वी मामा दुपारचा चहा बाहेरच्या पायऱ्यांवर बसून रस्ता बघत पीत. आता तो ते बोळात मागवून घेत. सूर्य वर यायच्या आत ते कामावर हजर होत आणि दिवस पुरता मावळल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नसत. टॉर्चच्या काचेवर ते पूर्वी एक रुमाल गुंडाळत. आता रुमालाच्या दोन घड्या झाल्या होत्या. आणि थोरला सरकून ऊन आत आलं की त्यांचा डावा हात मागं यायचा आणि मला घट्ट धरायचा. तिकीट तपासणाऱ्या माणसाला पडदा धरायची गरज नसते. त्यांना ती होती. पण मला तोंड नाही, मी कुणाला सांगणार?

मग तो पंखेवाला आला. मध्यवर्ती बाजारात खरेदीला आलेली माणसं खरेदी झाली की वेळ काढायला सिनेमाला यायची, हातातल्या सामानासकट. हा गृहस्थ छताचा नवा पंखा घेऊन आला होता. खोकं महाग पडेल म्हणून त्यानं पंखा तसाच, पाती जोडलेला, काखेत मारला होता. एरवी मामांनी त्याला दारातच अडवलं असतं. सामान मॅनेजरसाहेबांच्या खोलीत ठेवायचा नियम होता. त्या दिवशी मामा म्हणाले, "या. डोळे बसू द्या." डोळे बसायच्या आधीच तो गृहस्थ घाईघाईनं वळला. पंख्याचं पातं माझ्यात घुसलं आणि छातीच्या उंचीपासून खाली गुडघ्यापर्यंत मी टरकन फाटलो. अंधारात सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या फटीतून उन्हाचा नाही तरी मामांच्या टॉर्चचा उजेड आत गेला, आणि पुढच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "ए, दार लावा!"

"मामा, एवढा पंखा!" मॅनेजरसाहेब नंतर म्हणाले. "चार हात लांबीचा पंखा तुम्हांला दिसला नाही?"

"गर्दी होती साहेब."

"कुठली गर्दी? तो एकटाच तर होता!"

मॅनेजरसाहेब स्वभावानं बरे होते, पण पेचात पडले होते. नवा पडदा करायचा तर मालक परवानगी देणार नव्हते. त्यांना चार दुकानं सोडून असलेलं दुकान आठवलं. "तुमच्या मुलीलाच बोलावतो," ते म्हणाले. मामा म्हणाले, "तिला वेळ नसेल." मॅनेजरसाहेब म्हणाले, "ते ती सांगेल."

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ सुरू व्हायच्या बेतात असताना ती आली. तिनं थोरल्याला सारलं. तिच्या पाठीमागं काचेचं मोठं दार, त्यातून येणारं झगझगीत ऊन. ती काही न बोलता उभी राहिली. वडील आधी बोलतील म्हणून ती थांबली होती. मामांचा हात मागं येऊन माझ्यावर आवळला गेला.

"तिकीट?" मामा म्हणाले.

तिचा चेहरा मला दिसला. मामांना नाही दिसला.

"तिकीट नाही," ती म्हणाली. "मला पडदा शिवायला बोलावलंय."

मामांचा हात सैल झाला. "तू होय! ये, ये. मी आपलं… कामावर आम्हांला सगळे सारखेच."

"कळलं," ती म्हणाली आणि पिशवीतून सुया काढायला लागली. स्टुलावर एक छोटा दिवा ठेवून ती जमिनीवर बसली आणि माझ्या फाटलेल्या कडा एकमेकींजवळ आणून कच्चे टाके घालायला लागली. तिचे हात मी ओळखले. पूर्वी काढायचे, आता घालत होते.

खेळ सुरू झाला आणि तिनं दिवा विझवला. उठताना तिच्या हातून सुई निसटली. आतल्या अंधुक उजेडात ती जमिनीवर चाचपायला लागली. "अनवाणी पोरंबिरं येतात, कुणाच्या पायात जाईल," असं पुटपुटत होती.

"तुझ्या उजव्या गुडघ्याजवळ आहे," मामा म्हणाले. "थांब." ते वाकले, चिमटीत सुई उचलली आणि तिच्या हातात दिली.

ती सुईकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे.

"तुम्हांला सुई दिसली, बाबा?"

"दिसली की."

"मग मगाशी मी कशी नाही दिसले?"

मामा म्हणाले, "तू बस, मला आतून कुणी तरी हाक मारतंय." आत कुणीही हाक मारली नव्हती. नायक एकटाच डोंगरावर गात होता.

मध्यंतरात आम्हां दोघांना खुंट्यांना अडकवून ठेवत, म्हणून समोरची मोकळी जागा, कँटीन आणि काचेचं दार मला दिसत होतं. मुलीनं तीन दोऱ्यांच्या लडी काढल्या. "बाबा, रंग जुळवायचाय. मूळ पडदा नवा असताना तुम्ही पाहिलाय. या जरा उजेडात."

"इथंच बघू की."

"रंग अंधारात जुळवत नाहीत."

मामा तिच्यामागोमाग काचेच्या दाराजवळ गेले, म्हणजे तिच्या चपलांच्या आवाजामागोमाग गेले. तिनं एक दोरा त्यांच्यासमोर धरला. मामा म्हणाले, "जरा फिका वाटतो." दुसरा धरला. "हा बरा आहे." मग तिनं तिन्ही लडी पिशवीत टाकल्या आणि रिकामी चिमूट त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"आणि हा?"

मामांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. "हाच," ते म्हणाले. "अगदी तोच रंग. हाच घाल."

कँटीनच्या फळीमागं मावशींचा कप पुसणारा हात थांबला.

"बाबा," मुलगी अगदी हळू म्हणाली, "माझ्या हातात काही नाहीये."

मामांनी हात पुढं करून तिची रिकामी चिमूट चाचपली. मग म्हणाले, "मग तसं सांगायचंस ना आधी."

ती त्यांना परत बोळात घेऊन आली. मध्यंतर संपलं, आम्ही दोघे मिटलो, आणि त्या अंधारात मामांना सगळं नीट दिसायला लागलं, मुलीचं तोंडसुद्धा. तेव्हा ते बोलले. उन्हात गेलं की समोर दुधाचा पडदा येतो, म्हणाले. अंधारात बरं असतं. पुढं म्हणाले, माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, मग पुरतीच नजर गेली. त्यांना खाटेवर बसवून ठेवलं होतं. घरातले सगळे त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायचे, जसे काही ते तिथं नाहीतच. मीही बोललो असेन. मॅनेजरसाहेबांना कळलं तर उद्यापासून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे ती खाट.

"म्हणून तुम्ही माझ्या दुकानात आला नाहीत?"

"रस्ता ओलांडता येत नाही गं मला. दिवसाढवळ्या चार लोकांत तुझ्या दारात ठेच लागून पडलो असतो, ते बरं दिसलं असतं का?"

"आणि मी इतके महिने रुसून बसले ते?"

"तू रुसलीस होय?" मामा म्हणाले. "मला कसं दिसणार? मी म्हटलं, कामात असेल."

तिनं सुया पिशवीत भरल्या. "उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "सकाळी मी न्यायला येते."

"आणि साहेब?"

"साहेबांना मी सांगते."

तिनं सांगितलं तेव्हा मॅनेजरसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणजे मामांना दिसत नाही, आणि ते मला दिसलं नाही?" मावशी चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुम्हांला तसंही काय दिसतं, साहेब? कँटीनचं छत गळतंय हे तरी कुठं दिसलंय?" मॅनेजरसाहेबांनी चहा घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरे होऊन या. तोपर्यंत दारावर मी उभा राहतो." ते खरंच उभे राहिले. पहिल्याच दिवशी ते स्वतः एका बाईच्या पिशवीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मामांना घेऊन बाहेर पडली ते थोरल्यानं पाहिलं आणि मला सांगितलं. काचेच्या दाराशी मामा थबकले. "किती पायऱ्या आहेत गं?"

"एवढी वर्षं इथं काम करता!"

"आतल्या विचार. त्या तोंडपाठ आहेत."

मुलीनं त्यांचं कोपर धरलं आणि प्रत्येक पायरीवर थांबत थांबत ती त्यांना उन्हात घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, डोळ्यातल्या भिंगाच्या बरोबर मधोमध. उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते आणि समोर नेमका तेवढाच डाग येतो. अंधारात बाहुली मोठी होते, मग डागाच्या कडेनं दिसतं. काढून टाकता येतो. मामांच्या वडिलांचाही बहुधा काढता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मामा त्या दिवशी जेवले नाहीत, असं मुलीनं मावशींना सांगितलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही दिवसांनी दुसऱ्याचं. त्याच सुमारास हॉलला रंग द्यायला काढला, म्हणून मला खाली उतरवून मुलीच्या दुकानात पाठवलं. मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा एवढा उजेड पाहिला. खिडकीजवळच्या लांब टेबलावर तिनं मला पसरलं. माझ्याच आतल्या दुमडीतून तिनं एकेक दोरा काढला आणि फाटलेल्या जागी आडवा-उभा विणत गेली. मखमल विणणं सोपं नसतं. तिची लव, म्हणजे वरचे मऊ केस, बसवावी लागते. इतर गिऱ्हाइकांचं काम सांभाळून ती रोज थोडं थोडं करत होती. कच्चे टाके एकेक करून निघून गेले.

काम संपलं, आणि एका दुपारी दुकानाच्या दारात मामा उभे राहिले. काळा चष्मा लावून, एकटे, भर उन्हातून रस्ता ओलांडून आले होते.

"या," मुलगी म्हणाली. एवढंच म्हणाली.

मामांनी दुकान डोळे भरून पाहिलं. मग म्हणाले, "ती फळी तिरकी बसवलीय."

"दिसायला लागलं की लगेच चुका!"

"आणि तुझे केस पिकलेत की गं."

"तुमच्यावर रुसून पिकले."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हा कुणाचा कळकट पडदा उचलून आणलास?"

"तुमचाच आहे, बाबा."

मामांचा विश्वास बसेना. लोकांना ते सांगत असत, आमचा पडदा अजून नव्यासारखा आहे. ते टेबलाजवळ आले. माझी विटलेली लव, माझ्या कडेवरचे तेलकट हातांचे डाग, सगळं त्यांनी पाहिलं. मग ते वाकून काही तरी शोधायला लागले. चष्मा काढला, परत लावला, पुन्हा काढला. मला खिडकीकडे ओढून घेतलं. तळहातानं वरपासून खालपर्यंत चाचपलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते मागं सरकले आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले.

"गेली गं परत," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"नजर. एवढा मोठा फाटला होता, पार गुडघ्यापर्यंत. मला काही म्हणता काही दिसत नाही तिथं."

मुलीला आधी कळलंच नाही. मग ती हसायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "अहो बाबा! ते दिसू नये म्हणूनच तर माझं दुकान चालतं!"

मामांना ते पटेना. मग तिनं त्यांचं बोट धरलं, माझ्यावर एका जागी ठेवलं आणि सरळ खाली ओढत नेलं. "इथून फाटला होता. इथपर्यंत."

"इथं?" मामा म्हणाले. "इथं तर काहीच नाही."

"नाही ना?"

मामांनी त्या जागेवरून स्वतःच पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "मी तुला नोकरी बघ म्हणालो होतो का गं?"

"म्हणाला होतात."

"बघू नकोस."

त्यानंतर मामांनी काही वर्षं काम केलं. दुपारचं जेवण ते लेकीच्या दुकानात जेवत आणि परत येऊन मला सांगत, आज अमुक होतं, आज मीठ कमी होतं. पुढं ते निवृत्त झाले तरी दुपारी दुकानात येऊन खुर्चीत बसत आणि तिला सुईत दोरा ओवून देत. एका वर्षी ते आजारी पडले आणि गेले. सिनेमागृहाचे तीन छोटे हॉल झाले. त्यांना आपोआप मिटणारी लाकडी दारं बसली. थोरला उन्हानं पार जीर्ण झाला होता. त्याला उतरवतानाच तो हातात आला. मला मुलीनं मागून घेतलं. आता मी तिच्या दुकानाच्या मागच्या बाजूला टांगलेला असतो, माझ्याआड तिची गाठोडी असतात. महिन्यातून एकदा ती मला बाहेर नेऊन झटकते. मला त्याहून जास्त काही लागत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणी असेल, जे अलीकडे बोलावलं तरी येत नाही, काही तरी निमित्त सांगतं आणि आपल्या कोपऱ्यात बसून राहतं. तुम्हांला राग येईल. येऊ द्या. पण लांबून रुसून बसू नका. ते माणूस जिथं उभं असतं तिथं जाऊन, त्याच्या शेजारी थोडा वेळ बसून बघा. मुलगी त्या बोळात येऊन बसली म्हणून तिला कळलं, आणि म्हणून त्या दोघांच्या वाट्याला कितीतरी दुपारी आल्या.

एखादं गिऱ्हाईक शंका काढतं, "ताई, रफू कळणार नाही ना?" तेव्हा ती मला पुढं ओढते आणि म्हणते, "ह्याच्यावर शोधून दाखवा." लोक शोधतात. कुणाला सापडत नाही. तिला मात्र शोधावं लागत नाही. दुकान रिकामं असलं की कधी कधी ती मागं येते, माझ्यावरच्या त्या जागेवर तळहात ठेवते आणि तशीच उभी राहते. मग बाहेरून कुणी तरी हाक मारतं, आणि ती जाते.